बिघाड कोठे आहे, हे आधी विचारा

विद्यार्थी मित्रांनो, घरात नवे यंत्र आले की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली, त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला जातो. दुसरी, ते बिघडले की घरातला आणि आळीतला प्रत्येक जण त्यावरचा उपाय सांगू लागतो. लॅपटॉपच्या बाबतीत हे उपाय बहुधा दोनच असतात. नव्या लॅपटॉपचा पडदा काळा राहिला, लुकलुकू लागला, त्यावर उभ्या रेघा आल्या किंवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर शेजारचा दादा म्हणतो, "फॉरमॅट मारून टाक." दुकानदार म्हणतो, "डिस्प्ले गेला, बदलावा लागेल." दोघेही मनापासून बोलत असतात. परंतु दोघांच्या बोलण्यात एकच दोष आहे. बिघाड नेमका कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याआधीच दोघांनी उत्तर देऊन टाकलेले असते.

या सवयीचे मूळ दुकानात नसून आपल्या शाळेत आहे, असे माझे मत आहे. उपकरण कसे चालते हे आम्ही शिक्षक शिकवतो. ते का चालत नाही हे कसे शोधावे, हे मात्र कधीच शिकवत नाही. हे शिकवणे सहज शक्य आहे, आणि लॅपटॉपचा पडदा हा त्यासाठी उत्तम धडा आहे. तो कसा, ते पाहू.

बिघाड शोधण्याची विद्या आपल्याकडे नाही, असे मात्र समजू नका. आमचे घोडेगाव नेवासे तालुक्यात, अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी रंगवलेली शिंगे पाहून पैसे मोजत नाही. तो आधी दात पाहतो. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे ठरवतो. मग त्याला चालवतो, लंगडतो का पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. प्रत्येक तपासणी एका ठरावीक शंकेचे उत्तर असते. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही, तर जाणता वायरमन प्रथम मोटर खोलत नाही. टेस्ट लॅम्प लावून तिन्ही फेज येतात का, हे तो पाहतो. एक फेज गेली असेल तर मोटरीचा काहीच दोष नसतो, आणि ती खोलून फक्त खर्च होतो. तेच जाणते लोक मुलाच्या लॅपटॉपपुढे मात्र गांगरून जातात. यंत्र नवे आहे, त्यातले काही कळत नाही, असे त्यांना वाटते. वास्तविक यंत्र नवे असले तरी विचाराची रीत तीच आहे.

तेव्हा प्रथम लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र येते कसे, हे समजून घेऊ. तुम्ही लिहिलेला मजकूर संगणकाच्या स्मृतीत अंकांच्या रूपात असतो. कोणत्या अंकासाठी कोणते अक्षर काढायचे, हे फाँट आणि लिपी मांडणारा प्रोग्रॅम ठरवतात. त्यानंतर चित्र तयार करणारा भाग, ज्याला ग्राफिक्स म्हणतात, तो संपूर्ण पडद्याचे चित्र ठिपक्याठिपक्याने स्मृतीत मांडतो. त्याला काम कसे करायचे हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तयार झालेले चित्र एका बारीक केबलमधून, झाकणाच्या बिजागरीजवळून, पडद्याकडे जाते. पडदा ते चित्र दाखवतो, आणि त्याच्या मागचा दिवा ते उजळतो. अंक, फाँट, ग्राफिक्स, ड्रायव्हर, केबल, पडदा आणि दिवा अशी ही साखळी आहे. यातली कोणतीही कडी निखळली तरी आपण एकच वाक्य म्हणतो, "स्क्रीन बिघडली."

पडदा या कडीत तर पदार्थविज्ञानाचा एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्यात द्रवस्फटिक असतात. त्याच्या सर्वांत साध्या प्रकारात मागच्या दिव्याचा प्रकाश एका ध्रुवक पटलातून येतो, म्हणजे त्याच्या कंपनांना एकच दिशा मिळते. पुढे दुसरे पटल पहिल्याशी काटकोनात बसवलेले असते. मध्ये काही नसते, तर प्रकाश अडला असता. पण मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो, आणि तो कंपनाची दिशा ९० अंशांनी वळवतो. म्हणून प्रकाश बाहेर पडतो. थराला विद्युत्‌दाब दिला की स्फटिकाचे रेणू सरळ उभे राहतात, दिशा वळत नाही आणि तो ठिपका काळा दिसतो. सध्या सर्रास आढळणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग, म्हणजे ६२,२०,८०० छोट्या खिडक्या झाल्या. सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये त्या सेकंदाला ६० वेळा नव्याने मांडल्या जातात. इतक्या खिडक्यांपैकी एखादी कायमची बंद किंवा उघडी राहिली तर नवल नाही. एका ठिपक्यासाठी पडदा बदलून मिळेलच असे नसते. म्हणून हमीपत्रातील अट विकत घेण्यापूर्वी वाचावी.

आता या साखळीत तुटलेली कडी शोधायची कशी? मोठ्या माणसांना दूरदर्शनचा जुना काळ आठवत असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम मध्येच थांबे आणि पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येई. घरातली मंडळी हळहळत. परंतु विचार करणाऱ्या मुलाला त्या पाटीवरून एक मोठी बातमी मिळत असे. पाटी स्पष्ट दिसते, याचा अर्थ छतावरची अँटेना ठीक आहे, तिची तार ठीक आहे, संचातली चित्रनलिकाही ठीक आहे. बिघाड घरातला नसून केंद्रातला आहे! छतावर चढून अँटेना फिरवण्याचे कारणच उरत नाही. साखळीच्या मध्यावर एक चांगली खूण सापडली की अर्धी साखळी एकदम निर्दोष ठरते, ही ती युक्ती.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर, आठ संशयित असतील आणि तुम्ही एकेकाची चौकशी केली तर सात वेळा विचारावे लागेल. पण प्रत्येक प्रश्नाने अर्धे संशयित सुटणार असतील तर तीन प्रश्न पुरतात, कारण २ × २ × २ = ८. संशयित १००० असले तरी दहा प्रश्न पुरतात, कारण दोनाचा दहावा घात १०२४ आहे. अर्थात प्रत्यक्षात अगदी मध्यावरच भागले पाहिजे असे नाही. ज्या चाचणीला पैसे पडत नाहीत आणि जिने काही बिघडत नाही, ती आधी करावी. फॉरमॅट करणे आणि पडदा बदलणे या दोन्ही चाचण्याच आहेत, पण पहिलीत तुमचे सारे काम पुसले जाते आणि दुसरीत हजारो रुपये जातात. म्हणून त्या सर्वांत शेवटच्या.

फुकट चाचण्या कोणत्या, ते आता क्रमाने पाहू.

पडदा पूर्ण काळा असेल तर पहिला प्रश्न हा, की यंत्र जिवंत आहे का. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. (काही लॅपटॉपवर असा दिवा नसतो, तेथे पंख्याचा आवाज ऐका किंवा गाणे वाजते का पाहा.) यंत्र जिवंत असेल तर खोली अंधारी करून पडद्यावर टॉर्चचा तिरका झोत टाका. पुसट चित्र दिसले, तर द्रवस्फटिक आपले काम करीत आहेत. फक्त मागचा दिवा लागत नाही. ज्या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो, म्हणजे ज्याला ओलेड म्हणतात, त्याला मागचा दिवा नसल्याने ही चाचणी लागू नाही.

दुसरी चाचणी बाहेरच्या पडद्याची. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर ग्राफिक्सपर्यंतची साखळी बहुधा निर्दोष आहे; संशय केबल, पडदा व दिवा यांच्यावर येतो. टीव्हीवरही त्याच रेघा आल्या, तर पडदा बिचारा निरपराध आहे. या चाचणीचा आणखी एक फायदा असा, की पडदा काळा असला तरी टीव्हीवर पाहून तुम्ही आपल्या महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती पेनड्राइव्हवर काढून घेऊ शकता. दुरुस्तीला देण्यापूर्वी हे अवश्य करावे. एवढे मात्र पाहा, की चित्र फक्त बाहेरच्या पडद्यावर पाठवण्याची एक सोयही विंडोजमध्ये असते. वर्गातला प्रोजेक्टर जोडताना कोणी ती निवडली, तर धडधाकट लॅपटॉपचा पडदा काळा दिसू शकतो!

तिसरी चाचणी मला फार आवडते, कारण ती पूर्णपणे विचाराची आहे. पडद्यावर रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून पाहा. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचा फोटो नव्हे. ती स्मृतीत मांडलेल्या चित्राची नक्कल आहे. त्यात रेघा असतील, तर चित्र पडद्यापर्यंत पोचण्यापूर्वीच बिघडले आहे. रेघा नसतील, तर बिघाड त्या पुढच्या कड्यांत आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला पडद्याचा फोटो या कामी उपयोगाचा नाही, हे ध्यानात आले ना?

चौथी चाचणी वेळेची. लॅपटॉप चालू करताना विंडोज येण्यापूर्वी कंपनीची खूण दिसते. लुकलुक तेव्हाही असेल तर विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सहसा दोष येत नाही. खूण स्थिर आणि नंतरच लुकलुक, तर संशय ड्रायव्हरवर किंवा एखाद्या प्रोग्रॅमवर. विंडोज १० व ११ मध्ये विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने पडदा ठीक झाला, तर ड्रायव्हर अद्ययावत करावा. फॉरमॅटची गरज नाही. पाचवी चाचणी बिजागरीची. झाकण हळूहळू पुढे-मागे करताना रेघा येत-जात असतील, तर केबल किंवा तिची जोडणी सैल आहे.

आता एक उदाहरण सांगतो. घोडेगावातील एका शेतकऱ्याने कांद्याचे पैसे आल्यावर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला लॅपटॉप घेऊन दिला. चौथ्या दिवशी मुलीच्या ध्यानात आले, की पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो. काळे पान उघडले की पडदा मंदावतो, पांढरे उघडले की सावकाश उजळतो. एका दुकानात तिला पडद्याचा दोष सांगण्यात आला. तिने चाचण्या केल्या. स्क्रीनशॉट स्वच्छ. टीव्हीवरचे चित्र स्थिर. या दोहोंवरून दुकानदाराचेच म्हणणे खरे वाटत होते, कारण संशय पडदा आणि दिवा यांच्यावरच येत होता. पण मुलगी तेथे थांबली नाही. चार्जर लावून आणि चार्जर काढून असे दोन्ही प्रकारे तिने पाहिले. चार्जर लावला की दोष नाहीसा होई. बॅटरीवर तो परत येई. आता पडद्याला चार्जर लागला आहे की नाही, हे कसे कळणार? ते कळते वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमला. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बॅटरी टिकावी म्हणून चित्र पाहून दिव्याचा उजेड बदलण्याची सोय कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन तिने ती बंद केली. पडदा नवाच होता आणि निर्दोषच होता.

या उदाहरणात शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, हा पहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दुसरा. तिने चार्जर काढताना त्याच वेळी ड्रायव्हरही बदलला असता, तर कशाने काय झाले हे तिला कधीच कळले नसते. तुमच्या पाठ्यपुस्तकात 'बाकीच्या राशी स्थिर ठेवून' असे शब्द वारंवार येतात. त्यांचा खरा अर्थ हा आहे.

काही 'बिघाड' तर मुळात बिघाडच नसतात. ध्रुवक काचेचा काळा चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि मान तिरकी केली, तर पडदा काळवंडू शकतो. हा ध्रुवणाचा घरबसल्या होणारा प्रयोग आहे. काही पडद्यांवर मोबाइलचा कॅमेरा धरला तर सरकते पट्टे दिसतात. कारण उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा अतिशय वेगाने लावला-विझवला जातो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

आपल्या मराठी माणसांना छळणारा एक बिघाड मात्र वेगळाच आहे. नव्या लॅपटॉपवर जुनी मराठी फाइल उघडावी आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसावी, हा अनुभव कित्येक शिक्षकांना आला असेल. येथे पडदा, केबल, ग्राफिक्स सारे उत्तम असते. निखळलेली कडी अगदी पहिली, म्हणजे अंक आणि अक्षर यांच्या मधली असते. पूर्वी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत व कचेऱ्यांत अशा फाँटवर काम चाले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या अंकांवरच देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पुण्यात तयार झालेली श्रीलिपी आणि पुण्याच्याच सीडॅक या संस्थेचे आयएसएम ही त्यांतील प्रसिद्ध नावे. मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम त्या पिढीने केले. पण तो फाँट नव्या यंत्रात नसला, की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे १२८ अंक मिळाले. युनिकोडमधली फाइल कोणत्याही यंत्रावर मराठीच राहते.

तरीही चौकोन दिसू शकतात. 'ॲम्पिअर' आणि 'ॲल्युमिनिअम' या शब्दांतले पहिले अक्षर घ्या. मराठीला लागणारे हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये ते नसल्याने त्याच्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो, आणि विद्यार्थ्याला वाटते पडदा बिघडला! दुसरी गंमत पाहा. 'विज्ञान' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आपण 'व'च्या आधी काढतो, पण संगणकाच्या स्मृतीत 'व' आधी आणि वेलांटी नंतर असते, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. पडद्यावर ती पुढे आणून ठेवणे आणि 'ज' व 'ञ' जोडून 'ज्ञ' करणे हे लिपी मांडणाऱ्या प्रोग्रॅमचे काम. एखाद्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी चुकीच्या बाजूला आणि हलन्त सुटा दिसला, तर दोष त्या प्रोग्रॅमचा. तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहणे, ही येथली फुकट चाचणी. अशा दोषासाठी सबंध लॅपटॉप फॉरमॅट करणे म्हणजे पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे म्हणून दुकान पाडण्यासारखे आहे.

शोधाअंती दोष खरोखर पडद्यात, दिव्यात किंवा केबलमध्ये सापडला तर काय करावे? स्क्रू खोलू नये. हमीच्या मुदतीत कंपनीने नेमलेल्या दुरुस्ती केंद्राकडे जावे, आणि जाताना एक कागद न्यावा. त्यावर तारीख, वेळ, काय केले आणि काय दिसले हे क्रमाने लिहिलेले असावे. 'स्क्रीन खराब आहे' असे म्हणणाऱ्या ग्राहकाला फेऱ्या मारायला लावणे सोपे असते. 'टीव्हीवर चित्र येते, स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, झाकण हलवले की रेघा येतात' असे लिहून देणाऱ्याला टाळणे अवघड असते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार सदोष वस्तूबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तेथेही तुमची नोंदवहीच तुमच्या बाजूने बोलते. प्रयोगाची वही नीट ठेवण्याची सवय फक्त गुणांसाठी नसते, ती अशी.

आता शिक्षकांशी थोडे बोलतो. आपल्या प्रात्यक्षिकात काय होते? ओहमच्या नियमाचा प्रयोग असतो. घट नवे, तारा तपासलेल्या, उत्तर आधीच ठाऊक. आलेख सरळ रेषेत आला नाही तर विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीतील आकडे उतरवतो. उपकरण चालले नाही तर प्रयोगशाळा सहायक येऊन ते बदलून देतो. म्हणजे विचार करण्याचा जो एकमेव क्षण आला होता, तो आपण विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतो. पुढे हाच विद्यार्थी लॅपटॉप घेऊन दुकानात उभा राहतो आणि सांगितले ते मानतो.

माझी सूचना साधी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत पाच गुण एका मुद्दाम बिघडवलेल्या उपकरणासाठी ठेवावेत. एका फळीवर दोन कोरडे घट, एक कळ, एक छोटा दिवा आणि तारा एकसरीत जोडाव्यात. मग एकच दोष लपवावा. कळीच्या पट्टीत कागदाचा तुकडा घालावा, किंवा आवरणाच्या आत तार तुटलेली असावी, किंवा दिव्याची तार गेलेली असावी, किंवा घट संपलेले असावेत. विद्यार्थ्याच्या हाती फक्त व्होल्टमीटर द्यावा. कळ दाबलेली असताना तुटलेल्या जागेच्या दोन टोकांत घटांचे जवळजवळ पूर्ण विभवांतर मिळते, ही गोष्ट त्याला ओहमच्या नियमावरून शोधता आली पाहिजे. दोष सापडला तर दोन गुण, आणि कोणती चाचणी कोणत्या क्रमाने व का केली हे नीट लिहिले तर तीन. दोष सापडला नाही पण शोध शिस्तीत झाला, तरी त्या तीन गुणांवर विद्यार्थ्याचा हक्क राहावा.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा पहिला. या प्रयोगाला एक तास लागतो, आणि तो ओहमचा नियम दहा तासांइतका पक्का करतो. विद्यार्थी वस्तू मोडतील, हा दुसरा. तीन व्होल्टच्या फळीवर मोडण्यासारखे फारसे काही नसते. घरच्या विजेला किंवा लॅपटॉपच्या आत हात घालायला कोणी सांगत नाही. तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण मनात असतो: दुरुस्ती हे कारागिराचे काम, विज्ञान हे विद्वानांचे. हा भेद मला मान्य नाही. टेस्ट लॅम्प लावून फेज पाहणारा वायरमन आणि प्रयोगशाळेतला संशोधक एकच प्रश्न विचारीत असतात.

द्रवस्फटिकांचा शोधच पाहा ना. १८८८ साली फ्रीडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. पदार्थात भेसळ असावी, अशी शंका कोणालाही आली असती, आणि पुढे कित्येक वर्षे काही शास्त्रज्ञ तसे म्हणतही होते. रायनिट्झरने नमुना फेकून दिला नाही. त्याने तो तपासला आणि ओटो लेमान या भौतिकीतज्ज्ञाकडे पाठवला. दोष नमुन्यात नव्हता. पदार्थाची एक नवीच अवस्था समोर आली होती. पुढे १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून त्यात मोलाची भर घातली. 'हे असे का?' या प्रश्नाला घाईने उत्तर न देणाऱ्या माणसांमुळे आज आपल्यापुढे हा पडदा उजळतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत पाच गुण केव्हा मिळतील ते मिळोत. तुम्ही मात्र आजपासून एक छोटी वही ठेवा. घरात बंद पडलेली सायकल, टॉर्च, मोबाइल, लॅपटॉप, जे असेल ते तिच्यात नोंदवा. संशयितांची यादी करा. फुकट आणि निरुपद्रवी चाचणी आधी, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक चाचणीचा निकाल लगेच लिहायचा, एवढे तीन नियम पाळा. विजेच्या जोडणीला आणि बंद पेटीच्या आतल्या भागाला जाणत्या माणसावाचून हात लावू नका. वर्षअखेर वही शिक्षकांना दाखवा. किती वस्तू दुरुस्त झाल्या हे मोजू नका. किती वेळा बिघाडाची जागा अचूक सांगता आली, ते मोजा.